कवड्या उजवा, बाशिंग्या डावा

पिशोर, तालुका कन्नड
४ आजूर १३४६ फसली

कडूबा,

पत्राच्या माथ्यावर थोरल्या भावानं आशीर्वाद लिहायचा असतो. तू तो घेशील की परत पाठवशील याचा अंदाज नाही, म्हणून वर दोन बोटं जागा कोरी सोडली आहे. शाई वाया घालवायची मला सवय नाही.

कामाचं लिहितो. औरंगाबादेत आमखास मैदानावर सरकारी शेतकी महकम्याची नुमाइश, म्हणजे प्रदर्शन, भरते आहे, १८ आजूरला, शुक्रवारी, जुम्याच्या दिवशी. कन्नडच्या बाजारात त्याचा इश्तिहार चिकटवला होता, उर्दूत. माणसं भोवती उभी राहून एकमेकांच्या तोंडाकडं बघत होती. मी मोठ्यानं वाचून दाखवला. उर्दू मला कोणी शिकवलेली नाही. आपल्या कमरोद्दीन नालबंदाकडं जुनी वर्तमानपत्रं पडलेली असतात, बैलाला नाल ठोकून होईपर्यंत मी ती घेऊन बसायचो, त्यातून आली, आणि तेव्हापासून तो मला मास्तर म्हणतो. तुला बाळबोध अक्षरं गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं मीच शिकवली, हे इथं लिहायचं कारण नाही, पण लिहितो.

इश्तिहारात एक कलम बैलजोडीचं आहे. जोडी एका रंगाची, एका वयाची, एका उंचीची पाहिजे. भरली गाडी मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्यायची आणि चुन्याच्या रेघेवर उभी करायची. आसूड लावला की जोडी बाद. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर कोण उभं राहिलं, ते तुला सांगायला नको.

वाटणीला तीन वर्षं झाली. शेत वाटलं, भांडी वाटली, त्याबद्दल तुझी-माझी तक्रार नाही. जोडी मात्र तू सोडेनास, मी सोडेना, म्हणून पंचांनी एकेक बैल वाटून दिला. असा निवाडा मी कुठं वाचला नाही, ऐकला नाही. दोन सख्ख्या गाईंची वासरं, आठ दिवसांच्या अंतरानं जन्मलेली, एका दोरीला वाढलेली. कवड्या घेऊन तू करमाडला सासऱ्याच्या जमिनीवर गेलास, बाशिंग्या माझ्याकडं राहिला. त्याच्या जोडीला मी भुऱ्या म्हणून एक बैल घेतला आहे. भुऱ्या कसा आहे ते लिहीत नाही, पत्र लांबेल. पंचांसमोर मी रागात जे एक वाक्य बोललो, त्याचाही या पत्राशी संबंध नाही.

मागणं एवढंच आहे. कवड्याला एका दिवसापुरता औरंगाबादला पाठव. वैरण-पेंड माझ्याकडं. जो मान मिळेल त्यातला निम्मा तुझा. तू आलास तरी हरकत नाही, न आलास तरी हरकत नाही.

कवड्या उजवा, बाशिंग्या डावा. हे तू विसरला नसशील.

रामकिसन


पिशोर
११ आजूर १३४६

कडूबा,

तुझी चिठ्ठी पोचली. ‘कवड्या येईल. मी येणार नाही, पेरणीचे दिवस आहेत. द्वारका गाडी घेऊन येईल. त्याला पावसात उभा करू नये.’ तीन वर्षांनी चार वाक्यं, त्यातलं एक बैलाच्या अंगावर पाऊस पडू नये म्हणून. आजूर महिन्यात, दसऱ्याच्या तोंडावर, पाऊस कुठला? तरी तू लिहिलंस ते मी ध्यानात ठेवलं आहे.

सोबत कमरोद्दीनच्या हाती सुतळी पाठवतो. तो करमाडवरूनच जालन्याला जाणार आहे. तिला दोन गाठी आहेत, एकीपासून दुसरीपर्यंत बाशिंग्याची उंची, खुरापासून वशिंडापर्यंत. मोजताना बैल सपाट जमिनीवर उभा होता आणि चारी पाय सरळ होते. तू पण तसाच उभा करून लाव. अंगणात लावू नको, तुमच्या तिकडचं अंगण उतरतं असणार.

इथं घरात कोणी झोपायला तयार नाही. माय म्हणते मला पण न्या. तिचा नवरात्राचा उपास आहे, गाडीत दोन दिवस हाडं खिळखिळी होतील, मी म्हटलं राहू दे. तर म्हणाली, “उपास पोटाला हाय, डोळ्यांना नाय.” तुझी वहिनी मनकर्णा तिखटमिठाच्या पुऱ्या करायला लागली आहे, अजून आठवडा आहे हे तिला कोण सांगणार. आमच्या लेकीला, सारजाला, इंग्रजी कोंबडी बघायची आहे. ती शेळीएवढी असते असं तिला कोणी सांगितलं ते मी शोधतो आहे. मी शेळीएवढी म्हटलं नव्हतं, शेळीच्या करडाएवढी म्हटलं होतं.

बाशिंग्याची शिंगं साळली आहेत. रंग लाल लावू की हिरवा? जुन्या जोडीला आपण लालच लावत होतो. तू पण लालच लाव.

रामकिसन


औरंगाबाद, दिल्ली दरवाज्याजवळची सराई
१९ आजूर, सकाळ

कडूबा! आपली जोडी दुसरी आली!

हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर तू मधली पानं सोडून शेवट बघशील. लहानपणापासूनची तुझी खोड. आता क्रमानं सांगतो, एकही गोष्ट गाळणार नाही, तू पण गाळू नको.

काल पहाटे सराईच्या पत्र्यावर तडतड सुरू झाली तेव्हा मला वाटलं कोणीतरी वर हरभरे ओततंय. बाहेर आलो तर पाऊस. साधा नव्हे, हर्सूलच्या तळ्याकडून तिरपा येणारा, तोंडावर मारणारा. मी आभाळाकडं बघून म्हटलं, आज? आजच? माय आतून म्हणाली, “वरडू नको, त्याला काय इश्तिहार वाचता येतो व्हय?”

बाशिंग्याच्या अंगावर पोतं टाकून आम्ही मैदानावर गेलो. नुमाइश बंद पडली असेल असं मला वाटत होतं. कुठली बंद! तंबूला तंबू लागलेले, झेंड्यांच्या चिंध्या झालेल्या, आणि चिखलात ही माणसं. डोक्यावर पोत्याच्या खोळी, घोंगड्या, मोठ्या लोकांच्या छत्र्या, केळीची पानं. कोणी घरी जायला तयार नाही. एक मिठाईवाला कढईवर स्वतःची छत्री धरून जिलबी तळत होता आणि आपण भिजत होता.

आणि त्या गर्दीत जालन्याच्या रस्त्याकडून एक गाडी आली, हाकणारी बाई. लोक बाजूला सरून बघायला लागले. पदर खोचलेला, हातात कासरा, मागं तुझी दोन्ही पोरं एका घोंगडीखाली. मी द्वारकाबाईला ओळखलं ते नंतर. आधी ओळखलं कवड्याला. कपाळावरचा पांढरा ठिपका, अगदी कवडी चिकटवावी तसा. अंगावर आपली जुनी झूल, आरशांची, तिचा एक आरसा फुटलेला होता तो तसाच. दुसरी झूल माझ्या गाडीत होती. मी ती काढली आणि बाशिंग्यावर टाकली. शिंगं लाल. दोघांची लाल.

बाशिंग्यानं मान वर केली, नाक फुगवलं आणि असा हंबरला की शेजारच्या तंबूतली कोंबडी ओरडायला लागली. कवड्या गाडीसकट आमच्याकडं ओढायला लागला. द्वारकाबाईला कासरा आवरेना. दोघं एकमेकांच्या मानेवर मान टाकून उभे राहिले. मी त्या वेळी गाडीचा आस तपासत होतो. डोळ्यांत पावसाचं पाणी गेलं होतं.

द्वारकाबाईनं सुतळी माझ्या हातात दिली. तिला तिसरी गाठ होती, दुसरीच्या एक बोट खाली. तू एक अक्षर लिहिलं नाहीस, पण गाठ अशी घट्ट आणि बरोबर मारलीस की मी सुतळी बंडीच्या खिशात ठेवली. कवड्या बाशिंग्यापेक्षा एका बोटानं कमी. मी तिथंच परत मोजलं. तुझं माप बरोबर आहे.

मग द्वारकाबाई कवड्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, “भाऊजी, बघून घ्या नीट. तुमी पंचायतीत म्हनला होता ना, कडूबाच्या हाताखाली बैल वरीसभर टिकायचा नाय? तीन वर्सं झाली. बरगडी दिसती का एक तरी?”

मी म्हटलं, “बैल चांगला ठेवलाय.”

“मोठ्यानं म्हना. पाऊस लई हाय, आयकू आलं नाय.”

मनकर्णा तोंडाला पदर लावून हसत होती. मी मोठ्यानं म्हटलं. ते तू द्वारकाबाईला विचारून खात्री करून घे.

जोड्यांचा मुकाबला दुपारी होता, म्हणून तोवर सगळे नुमाइश बघायला निघालो. कडूबा, काय काय होतं! लोखंडी नांगर होता, त्याला चाकं. माय त्याच्याभोवती दोनदा फिरली आणि तिथल्या बाबूला म्हणाली, “हे बैलांनी वढायचं का बैलांवर टाकायचं?” पुढं तेलाचं इंजिन होतं. विहिरीसारखा एक हौद केला होता आणि इंजिन त्यातलं पाणी भकाभका बाहेर फेकत होतं. वरून पाऊस हौद भरतोय, खालून इंजिन रिकामा करतंय, आणि लोक हातात हात घालून कोण जिंकतं ते बघत उभे. मी त्या मिस्त्रीला किती मोटांचं काम करतं, तेल किती पितं, चिखलात रुतलं तर काय करता, सगळं विचारलं. तो कंटाळला. पण सांगितलं त्यानं.

भाज्यांच्या तंबूत एक भोपळा होता. मी वीत टाकून मोजत होतो तेवढ्यात मायनं त्याला नख लावलं. पहारेकरी ओरडला, “अम्मा, हाथ मत लगाओ!” माय म्हणाली, “मंग मांडलाय कशाला? देव हाय का त्यो?” आणि जाता जाता त्याला नमस्कार करून गेली, तेव्हा तो पहारेकरी पण हसला. सीताफळं होती दौलताबादची, ऊस होता माझ्या दीड उंचीचा, कापसाची बोंडं काचेच्या पेटीत दागिन्यासारखी. इंग्रजी कोंबडी पाहिली. करडाएवढी नाही. मोठ्या बदकाएवढी. सारजा माझ्याकडं नुसती बघत राहिली. मी म्हटलं, पावसानं आखडली असेल.

तेवढ्यात बियाणाच्या तंबूवर पाणी साचून कापड पोटासारखं फुगलं आणि फाटलं. सगळं पाणी आमच्या डोक्यावर! पोरं किंचाळली, मनकर्णा माझ्या खांद्याला धरून हसत सुटली, लग्नाच्या सालानंतर तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. तुझी धाकटी पोरगी माझ्या कडेवर होती. ती म्हणाली, “मोठे बाबा, अजून एकदा.” तिला मोठे बाबा म्हणायला कोणी शिकवलं, ते मी विचारलं नाही. तुमच्या घरात माझं नाव निघतं, एवढं कळलं.

जिलबी खाल्ली. मायनं उपास म्हणून खाल्ली नाही, पण पोरांच्या जिलब्या धरून उभी राहिली आणि बोटं चाटली. मी बघितलं. कोणाला सांगू नको.

आता मुकाबला.

जोड्या जुंपायला घेतल्या. मी कवड्याला उजवीकडं घेतलं, बाशिंग्याला डावीकडं. तेव्हा द्वारकाबाई हळूच म्हणाली, “भाऊजी, कवड्या आता डावीकडं चालतो. आमचा काजळ्या उजवं अंग सोडत नाय, म्हून ह्याला डावीकडं शिकवलंय.”

मी म्हटलं, “मी शिकवलाय तो. बैल आपलं अंग विसरत नसतो.”

इथं एक गोष्ट लिहायला हवी. बाशिंग्याला पण मी तीन वर्षं उजवीकडंच जुंपतो, कारण भुऱ्या डाव्या अंगाशिवाय पाऊल टाकत नाही. हे मी तिला बोललो नाही. माझा अंदाज असा होता की दोघं शेजारी आले की जुनी जागा आपोआप आठवेल. अंदाज तसा वाईट नव्हता.

आमची पाळी आली. परीक्षक साहेब खुर्चीवर, मागं शिपाई छत्री धरून. गाडीत ओल्या वाळूची पोती. मी धुरेवर बसलो आणि कासरा हलवला. कवड्या डावीकडं दाबायला लागला, बाशिंग्या उजवीकडं. दोघं एकमेकांना ढकलतायत, पुढं कोणी जाईना. मी हाकारतोय, ते रेटतायत. गाडी जागेवर अर्धी फिरली, एक चाक खड्ड्यात गेलं, आणि जू तिरपं होऊन झूल चिखलात. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, “भाऊबंद दिसतायत!”

सगळं मैदान हसलं, कडूबा. साहेब हसले, छत्रीवाला शिपाई हसला. मी आजवर चार माणसांत असा उभा राहिलो नव्हतो. हात आसुडाकडं गेला होता. लावला असता तर तिथंच संपलं असतं.

साहेब म्हणाले, “बारिश है, हर जोडी को दो मौके देंगे. फिर से जोडो.”

मी खाली उतरलो. आमच्याबरोबर आलेला कमरोद्दीन धावत आला, नाल बघितले, म्हणाला, “मास्तर, नाल सही हैं. गडबड ऊपर है,” आणि माझ्या डोक्याकडं बोट दाखवलं. माय घोंगडी सावरत दोरीपाशी येऊन उभी राहिली.

मी द्वारकाबाईजवळ गेलो. म्हटलं, “बाई, कडूबा कसा जुंपतो? सांग.”

ती माझ्याकडं बघतच राहिली. मी कोणाला काही विचारतो हे तिनं पहिल्यांदा पाहिलं असेल. म्हणाली, “डावीकडं घ्या. कासरा सैल सोडा. मानेवर हात ठेवा आन म्हना, चल रं पाव्हण्या.”

“पाव्हण्या?”

“हे त्याला कवड्या म्हनून कधी हाक मारतच न्हाईत. पाव्हणाच म्हनत्यात. म्हनत्यात, ह्यो इथला न्हाय, पिशोरचा हाय, कधीतरी जायचाय. तीन वर्सं आयकतीय मी.”

कडूबा, याच्यावर मी काही लिहीत नाही. मला जमणार नाही.

जुवाच्या खिट्या, शिवळा, काढल्या. कवड्या डावीकडं, बाशिंग्या उजवीकडं. दोघांनी जुवाखाली मान घातली ती अशी, जसा माणूस आपल्या घरच्या दारातून वाकून आत जातो. तू त्याला माझ्या बैलाच्या जागेवर शिकवलंस, मी याला तुझ्या बैलाच्या जागेवर, एकमेकांना न विचारता. इतकं बरोबर आपल्याला विचारून सुद्धा करता आलं नसतं.

मी धुरेवर बसलो नाही. चिखलात उतरून कवड्याच्या मानेवर हात ठेवला आणि म्हटलं, “चल रं पाव्हण्या.”

आणि चालले! एका वेळी पाय उचलत होते, एका वेळी टाकत होते. खड्ड्यातलं चाक असं वर आलं जसं कोणी हातानं उचललं. आरसे लखलखतायत, घुंगरं एका तालात, पाण्याचे फवारे दोन्ही बाजूंना. मी शेजारून पळतोय, एक वहाण चिखलात राहिली, राहू दे! पोरं दोरीच्या कडेनं पळतायत, मनकर्णा ओरडतेय, मघाशी भाऊबंद म्हणणारा तोच माणूस फेटा हातात घेऊन “शाब्बास!” म्हणतोय. पाऊस वाढला. चुन्याची रेघ वाहून चालली होती, पण मी सकाळीच ती कुठं आहे ते जवळच्या खुंटावरून ध्यानात ठेवलं होतं. तिथं आल्यावर नुसता हात उचलला. दोघं थांबले. चाक रेघेवर.

पहिला नंबर पैठणकडच्या एका तात्यासाहेबांच्या जोडीला गेला. त्यांना लोखंडी नांगर मिळाला. मी त्यांच्या बैलांभोवती बराच वेळ फिरलो, शिंगं पाहिली, खूर पाहिले. खोट सापडली नाही. आपल्याला एका बोटाचा फरक आणि पहिली फेरी भोवली, असं साहेबांनी स्वतः सांगितलं. दुसऱ्या नंबराला चांदीचा तमगा आणि सनद. मुन्शीनं विचारलं, “मालिक का नाम?” मी दोन्ही नावं सांगितली. तो म्हणाला, जोडी एक, नाव एक. मी म्हटलं, मग असं लिहा, सांडूचे लेक. तो साहेबांकडं बघायला लागला. साहेबांनी मान हलवली. सनदेवर बापाचं नाव आलं. बाप असता तर म्हणाला असता, पहिला नंबर का नाही?

आज सकाळी पाऊस उघडला. निघायची तयारी केली. चारी बैल सराईच्या अंगणात सोडले होते. तुझा काजळ्या मी आज नीट पाहिला, बुटका, रुंद, डोळ्यांत कायम राग. माझा भुऱ्या उंच, हाडकुळा, आणि त्याला वाटतं सगळं जग डावीकडून सुरू होतं. मी बाशिंग्याला आणि भुऱ्याला जुंपायला घेतलं, तर कवड्या चालत आला आणि भुऱ्याला बाजूला सारून जुवाजवळ डावीकडं उभा राहिला. द्वारकाबाईनं त्याची वेसण धरली, पण ओढली नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला! काजळ्याला उजवं अंग पाहिजे, भुऱ्याला डावं. म्हणजे ती पण जोडीच झाली की! तीन वर्षं हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?

मी कवड्या आणि बाशिंग्या द्वारकाबाईच्या गाडीला जुंपले.

मनकर्णा म्हणाली, “आन आपल्याला?”

“भुऱ्या आन काजळ्या.”

“ही जोडी? एक ताड, एक खुंट! गाडी तिरपी चालंल. लोक काय म्हनतील?”

कमरोद्दीन म्हणाला, “मास्तर, पिशोर पोचते पोचते दिवाली आयेगी.”

माय मात्र गाडीत चढून बसली पण होती. म्हणाली, “तिरपी तर तिरपी. चला.”

तर कडूबा, जोडी तुझ्याकडं येते आहे, ही गाडी हाकणारी तुला हे पत्र देईल. तमगा तिच्याकडं आहे. सनद मी ठेवतो, उर्दूत आहे, तुला वाचता येणार नाही. आधी तुझी पेरणी करून घे. झाली की जोडी पिशोरला माझ्या पेरणीला यायची. सालदाराच्या हाती देऊ नको, मेहुण्याच्या हाती देऊ नको, ती जोडी अनोळखी हाताखाली चालत नाही हे आता सगळ्या औरंगाबादेनं पाहिलं आहे.

तू लिहिलं होतंस, त्याला पावसात उभा करू नये. तो काल दिवसभर पावसात होता. माझी घोंगडी त्याच्या अंगावर होती. मला थोडी सर्दी आहे.

रामकिसन


पिशोर
२६ आजूर १३४६

चि. कडूबास आशीर्वाद. या वेळी जागा सोडलेली नाही.

आम्ही पोचलो. दसरा वाटेतच झाला, फुलंब्रीच्या अलीकडं गाडीत बसून एकमेकांना सोनं दिलं. भुऱ्या आणि काजळ्या पहिल्या दिवशी एकमेकांकडं बघत नव्हते. दुसऱ्या दिवशी एकाच पेंढीला तोंड लावलं. गाडी तिरपी चालते, खोटं कशाला सांगू. गावात शिरताना लोक हसले. मी सनद काढून वाचून दाखवली, तरी हसलेच.

काल त्यांना तिफणीला लावून पाहिलं. ओळी अशा आल्या की माय बांधावरून म्हणाली, “राम्या, दारू बैल प्याले का तू?” मी तिफण उचलून गोठ्यात ठेवली. लोकांच्या पेरण्या उरकत आल्या आहेत. येणारा-जाणारा विचारतो, रामकिसन, रान रिकामं का? मी सांगतो, जोडी करमाडला गेली आहे. त्यावर ते विचारतात, येणार कधी? त्याला माझ्याकडं उत्तर नाही, आणि उत्तर नसलं की मला किती त्रास होतो ते तुला माहीत आहे.

गोठा झाडून घेतला. कवड्याची जुनी जागा उजवीकडं होती, आता खुंटा डावीकडं ठोकला आहे. भिंतीवर अजून तुझा कोळशाचा ‘क’ आहे, पोट मोठं आणि शेपटी आखूड. सारवताना मनकर्णाला तेवढी भिंत सोडायला सांगितली.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, तू आलास तरी हरकत नाही, न आलास तरी हरकत नाही. ते वाक्य चुकीचं आहे. तिथं खोडून हे लिही.

रानात ओल अजून आहे, पण वाफसा कोणासाठी थांबत नाही. मी थांबलो आहे.

ये.